तान्हेपणापासून बाराव्या वर्षापर्यंत: मुलांच्या वाढीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकवीस वर्षं मी बालवाडीत शिकवलं. पालकसभेत फारसं कुणी काही विचारत नाही. खरे प्रश्न येतात ते दाराशी, मूल चप्पल घालत असताना, हळू आवाजात: ‘ताई, एक विचारू?’ त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. पण मूल डॉक्टरांना कधी दाखवायचं आणि कधी निवांत राहायचं, हे इतक्या वर्षांत मुलांनीच शिकवलं.

शेजारचं बाळ नवव्या महिन्यात चालायला लागलं. आमचं तेरा महिन्यांचं झालं तरी धरूनच उभं राहतं. काळजी करू का?

नको. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास करून २००६ साली आकडे प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसायला कुणी चौथ्या महिन्यातच लागलं, तर कुणाला नववा उलटून गेला. एकट्याने चालणं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही सुरू झालं. म्हणजे शेजारचं बाळही ठीक आणि तुमचंही ठीक.

कुणी असं विचारलं की मी वय बाजूला ठेवते आणि विचारते, गेल्या महिन्यात काय येत नव्हतं ते आता येतं? गेल्या महिन्यात दिवाण धरून नुसतं उभं राहणारं बाळ आता दिवाणाच्या कडेकडेने सरकतंय, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने खालचा चमचा उचलतंय, पडलं की पुन्हा उठतंय, तर ते वाटेवर आहे. त्याला मोकळी फरशी द्या, अनवाणी पायाने फिरू द्या, आणि सारखं काखेत मारून फिरू नका.

काही गोष्टींसाठी मात्र थांबू नये. चार महिने झाले तरी मान धरत नाही, नऊ महिने झाले तरी बसत नाही, दीड वर्ष झालं तरी चालत नाही. अंग लाकडासारखं ताठ किंवा चिंधीसारखं सैल वाटतं. वर्षाच्या आतच एकच हात वापरतं आणि दुसऱ्याची मूठ मिटलेलीच राहते (आपण कौतुकाने ‘डावखुरा होणार’ म्हणतो, पण या वयात दोन्ही हात सारखेच चालायला हवेत). आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर वय कोणतंही असो, त्याच आठवड्यात दाखवा.

बाळ रांगलंच नाही, एकदम उभं राहिलं. काही राहून गेलं का?

नाही. वरच्याच अभ्यासात शंभरातली चारेक बाळं हातापायांवर रांगलीच नाहीत. काही ढुंगणावर सरकत घरभर फिरतात, काही पोटावर. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायची धडपड दिसते का, एवढं बघा.

वॉकर आणावा का?

आणू नये. बाळ त्यात लोंबकळत बसतं, पायाच्या चवड्यांनी ढकलतं, आणि तोल सांभाळायचं कामच त्याला पडत नाही. वर उंबरा, जिना, गरम चहाचा कप यांच्यापर्यंत ते क्षणात पोचतं. कॅनडाने तर २००४ सालापासून वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

आपल्याकडचा पांगुळगाडा वेगळा. लाकडी, तीन चाकांचा. बाळ त्याच्या मागे स्वतःच्या पायावर उभं असतं, दांडा धरतं आणि ढकलतं. वजन पायांवर, तोल त्याचा त्यालाच सांभाळायचा. धरून उभं राहता यायला लागल्यावर, कुणीतरी सोबत असताना, सपाट जागेवर तो जरूर द्या. जत्रेत अजून मिळतो.

बाळ दोन महिने आधी जन्मलं. त्याचं वय कसं धरायचं?

विकासाच्या बाबतीत जितके आठवडे आधी जन्मलं तितके वजा करा. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाच्या गोष्टींची अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. लशी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, त्यात वजाबाकी नाही. अशा बाळांची नजर आणि कान जन्मानंतर महिन्याभरात तपासलेले असावेत. कागदांत तसा अहवाल नसेल तर डॉक्टरांना आवर्जून विचारा.

सासूबाई मालिश, घुटी, काजळ, टाळूवर तेल, धुरी सगळं करतात. काय ठेवावं, काय सोडावं?

मालिश ठेवा, हलक्या हाताने. बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालणारी आजी मी कितीतरी घरांत पाहिली आहे. पाणी घालता घालता ती बोलत असते: ‘आता हात धुवायचा हं, हा दुसरा हात, अगंबाई रडू आलं, झालं झालं.’ बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघतं, ती थांबली की ‘अंऽ’ करतं, मग ती पुन्हा बोलते. बाळाच्या मेंदूला हीच देवाणघेवाण लागते आणि ती पैशाने मिळत नाही. सासूबाईंना हे सांगा, त्यांना बरं वाटेल, आणि मग पुढचं ऐकून घ्यायला त्या तयार होतील.

घुटी आणि मध सोडा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळात शिसं असू शकतं, शिवाय बोटाने डोळ्यात जंतू जातात. तीट हवीच असेल तर तळपायाला लावा. धुरीचा धूर बाळाच्या छातीला त्रास देतो. नाका-कानात तेल घालू नका. टाळूवर तेल लावलं तर बिघडत नाही, पण दाबायची नाही. ती दीड वर्षाच्या आसपास आपली आपण भरते.

उष्टावण झालं, पण बाळ वरणाच्या पाण्यापुढे जात नाही. याचा विकासाशी संबंध आहे?

थेट आहे. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह बाहेरून लागतं आणि वरणाच्या पाण्यात ते नावापुरतंच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलेलं मूल चिडचिडतं, लवकर थकतं, शिकताना मागे पडतं.

वरण पाणी काढून नाही, घट्ट कुस्करून द्या. नाचणीचं सत्त्व, मऊ खिचडी, पालेभाजी, अंडं आणि घरात चालत असेल तर मासा आणि मटण बारीक करून. वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. आठव्या-नवव्या महिन्यात पोळीचा मऊ तुकडा हातात द्या. सगळं तोंड माखेल, माखू द्या. चिमटीत दाणा पकडायची हीच पहिली तालीम, पुढे पेन्सिल याच चिमटीत येणार आहे.

मुलगा दोन वर्षांचा झाला, बोलत नाही. घरचे म्हणतात त्याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला. थांबू का?

थांबू नका. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि त्यापायी वाया गेलेली वर्षंही पाहिली आहेत. बाबा उशिरा बोलला आणि पुढे सगळं छान झालं हे खरं असेल. पण तपासून ‘काही नाही’ असं कळलं तर तुमची एक सकाळ गेली. न तपासता थांबलात आणि काही निघालं, तर शिकण्याचे सर्वांत चांगले महिने गेले.

साधारण असं चालतं. सहाव्या-सातव्या महिन्यापासून ‘बाबाबा, दादादा’. वर्षाच्या आसपास एखादा खरा शब्द, टाटा, नमस्कार. दीड वर्षाला दहाएक शब्द. दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द आणि दोन शब्दांची जोडणी: ‘आई ये’, ‘दूदू दे’, ‘बाबा गेले’. वर्ष झालं तरी बडबड नाही किंवा हातवारे नाहीत, सोळा महिन्यांना एक शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, यातलं एकही असेल तर दाखवायचं.

शब्दांपेक्षाही बोटाकडे बघा. पंधरा महिन्यांचं बाळ आकाशातल्या विमानाकडे बोट दाखवतं आणि लगेच मागे वळून तुमच्याकडे बघतं, की तुम्हीही पाहिलंत ना? एवढ्याशा हालचालीत संवादाची सगळी मुळं आहेत. बोट दाखवत नाही, हाक मारली तर वळत नाही, नजर देत नाही, गाडी चालवण्याऐवजी तासन्‌तास चाकच फिरवत बसतं, आलेले शब्द गेले, असं असेल तर स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीने तपासणी हवी. त्यासाठीची प्राथमिक प्रश्नावली सोळाव्या महिन्यापासून भरता येते. ‘स्वमग्नता’ हा शब्द ऐकून घाबरू नका. लवकर कळलं की मदत लवकर सुरू होते.

आणि कान. आधी कान. तान्ह्या बाळाच्या श्रवणाची तपासणी तो झोपलेला असताना काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि शिकवणं सुरू, असा जगभरचा दंडक आहे. जन्माच्या वेळी ऐकू येत होतं म्हणून निश्चिंतही राहू नये. माझ्या वर्गात चार वर्षांची एक मुलगी होती. गोष्ट सुरू झाली की ती उठून कोपऱ्यात जायची, सांगितलेलं करायची नाही. मी तिला हट्टी समजले. एकदा मी तिच्यामागे उभी राहून हळूच म्हटलं, ‘खाऊ कुणाला हवा?’ सगळ्या माना वळल्या, तिची वळली नाही. सततच्या सर्दीने तिच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलं होतं. औषधोपचारांनंतर तीच मुलगी गोष्टीला सगळ्यात पुढे येऊन बसायला लागली. सहा महिने मी तिला उगीच रागावले, याचं आजही वाईट वाटतं.

घरात मराठी, आजीची अहिराणी, शेजारी हिंदी आणि शाळा इंग्रजी. भाषांच्या गोंधळाने बोलणं उशिरा येतं का?

नाही. मूल दोन-तीन भाषा सहज पेलतं. सुरुवातीला एका वाक्यात सगळ्या मिसळतं, तेही ठीक. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा. पुण्यात असा किंवा दुबईत, तुम्हाला ज्या भाषेत चिडता, लाड करता, गोष्ट सांगता येते तीच मुलाशी बोला. शाळेसाठी म्हणून मोडक्या इंग्रजीत ‘ईट कर, सिट कर’ सुरू केलं की मुलाला ना ती भाषा मिळते ना ही, आणि आजीशी बोलायचं तर राहूनच जातं.

चार वर्षांची झाली तरी ‘काऊ’ला ‘टाऊ’ म्हणते, ‘राम’ला ‘लाम’.

‘र’ला वेळ आहे, तो पाच-सहा वर्षांपर्यंत येतो. ‘क’चा ‘ट’ मात्र चौथ्या वर्षापर्यंत सुटायला हवा. सोपी कसोटी म्हणजे परक्या माणसाला किती कळतं. दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं, तीन वर्षांच्याचं बारा आणे, चार वर्षांच्याचं जवळजवळ सगळं. तुमच्या दूधवाल्याला तिचं बोलणं कळत नसेल तर वाचा-उपचार तज्ज्ञांना भेटा. आणि बोबडं बोलणं गोड वाटतं म्हणून आपण तसंच उत्तर देऊ नका. तिने ‘टाऊ आला’ म्हटलं की आपण ‘हो, काऊ आला’ म्हणायचं. चूक दाखवायची नाही, बरोबर ऐकवायचं.

मोबाइल लावल्याशिवाय जेवत नाही.

हा आता सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा कमी, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. परगावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो, कारण तिथे समोरून उत्तर येतं.

मोबाइलपुढे जेवणारं मूल जेवत नाही, आपण त्याच्या उघड्या तोंडात घास सारत असतो. त्याला भूक कळत नाही, पोट भरल्याचं कळत नाही. सवय मोडायला चार-पाच दिवस लागतात आणि ते अवघड जातात, हे आधीच घरात सगळ्यांना सांगा. मूल एक-दोन जेवणं कमी खाईल. त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवा, त्याची छोटी ताटली द्या, त्याच्या हाताने खाऊ द्या. मुलं माणसांकडे बघून खायला शिकतात, म्हणून त्या वेळी मोठ्यांचे फोनही बाजूला हवेत.

रडता रडता श्वास कोंडतो आणि निळा पडतो. हट्ट पुरवावा लागतो.

पहिल्यांदा पाहिलं की आईचा जीवच जातो. सहा महिने ते पाच-सहा वर्षं या वयात काही मुलांना असं होतं, काही सेकंदांत श्वास आपोआप सुरू होतो आणि मेंदूला इजा होत नाही. तरी पहिल्यांदा झालं की डॉक्टरांना दाखवा. फिट नाही ना याची खात्री होते आणि रक्तही तपासलं जातं. लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं, ते भरून काढलं की कितीतरी मुलांचं कमी होतं. त्या क्षणी कुशीवर झोपवा. तोंडावर पाणी मारू नका, गदागदा हलवू नका.

हट्टाचं म्हणाल तर, दीड ते तीन वर्षांच्या मुलाला हवं ते सांगायला शब्द नसतात आणि वाट बघणं जमत नसतं. थयथयाट चालू असताना उपदेश करू नका. जवळ बसा, लागणार नाही एवढं बघा. ‘तुला अजून खेळायचं होतं, राग आला’, एवढंच म्हणा. आणि ‘नाही’ म्हटलं असेल तर नाहीच. पंधरा मिनिटं रडल्यावर बिस्किट मिळतं हे मूल फार लवकर शिकतं.

शी-शूची सवय कधी लागते? पाच वर्षांचा अजून अंथरूण ओलं करतो.

दीड ते तीन वर्षांत, मूल स्वतः सांगायला लागलं की. दिवसा आधी जमतं, रात्री उशिरा. पाच वर्षांच्या साधारण सातात एक मूल रात्री अंथरूण ओलं करतं आणि दर वर्षी त्यातली बरीच मुलं आपोआप कोरडी होतात. तो मुद्दाम करत नाही, गाढ झोपेत त्याला कळतच नाही. पाहुण्यांसमोर हा विषय काढू नका. सातनंतरही चालू असेल, किंवा सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, तर दाखवा.

साडेतीन वर्षांच्या मुलाला शाळेत लिहायला लावतात, याला जमत नाही.

जमू नये हेच बरोबर. या वयात मनगटाची हाडं अजून घडत असतात आणि पेन्सिल मुठीत असते. बोटांच्या चिमटीत ती चार-साडेचारच्या आसपास येते. तोवर बोटांना काम द्या: मटार सोलणं, कणकेचे गोळे, फुलं ओवणं, चिकणमाती, सागरगोटे, रांगोळीची चिमूट. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. पहिलीला वय सहा.

आपल्या मातीत हे नवीन नाहीच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढवलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. बिया, पानं, शिंपले, खडे हीच तिथली साधनं. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला. मी शिकवायला लागले तेव्हा माझ्या टेबलावर चिंचोक्यांचा डबा होता, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच्याहून चांगलं गणिताचं साधन मला सापडलं नाही.

चार वर्षांचा असून खोटं बोलतो!

एक गंमत करून बघा. चिवड्याच्या डब्यात बटणं भरा आणि मुलाला विचारा, यात काय आहे? ‘चिवडा.’ उघडून दाखवा. पुन्हा बंद करा आणि विचारा, बाबा आत्ता बाहेरून येतील, त्यांना काय वाटेल यात काय आहे? तीन वर्षांचं मूल ठामपणे म्हणतं, ‘बटणं!’ त्याला जे माहीत ते सगळ्या जगाला माहीत. साडेचार-पाचचं मूल हसून म्हणतं, ‘चिवडा!’ दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे त्याला उमगलं. खोटं बोलायला आणि दुसऱ्याचं दुःख समजून घ्यायला हीच समज लागते. तेव्हा मारू नका. ‘कप फुटला ना, ये, दोघं मिळून गोळा करू’ म्हणा. खरं सांगितल्यावर मार बसत नाही हे कळलं की खोट्याची गरज कमी होते.

मुलगी तिसरीत गेली. तोंडी सगळं येतं, वाचताना अडते, लिहिताना अक्षरं खाते. आळशी आहे का?

आळशी मूल मी अजून पाहिलेलं नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गफलत, उलटं अक्षर, सहा-सात वर्षांपर्यंत चालतं. तिसरीतही काना-मात्रा-वेलांट्या गळत असतील, एकच शब्द एका ओळीत बरोबर आणि पुढच्या ओळीत चूक वाचत असेल, आणि गोष्ट ऐकली की सगळी समजत असेल, तर आधी डोळे तपासा, मग कान, आणि मग अध्ययन अक्षमतेची चाचणी. ही चाचणी साधारण आठव्या वर्षापासून विश्वासाने करता येते. नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयांतून प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विशेष शिक्षकाकडून नियमित सराव. अशी कितीतरी मुलं आपण ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवली.

डोळ्यांचं एक वेगळं सांगते. चार महिन्यांनंतर तिरळं बघणारं बाळ ‘भाग्यवान’ म्हणून सोडू नका. एक डोळा आळशी राहिला तर त्याचे उपचार सात-आठ वर्षांच्या आत जास्त चांगले लागू पडतात. चष्म्याचा नंबर लागण्यापासून वाचवायचं तर रोज दोन तास उन्हापावसात, मैदानावर. लगोरी खेळा, लंगडी खेळा, काहीही चालेल.

मुलगी नऊ वर्षांची आहे, अंगात बदल दिसायला लागले. एवढ्या लवकर?

मुलींमध्ये आठ ते तेरा या वयात छातीची वाढ सुरू होते, त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मुलग्यांमध्ये बदल नऊ ते चौदा या काळात सुरू होतात. म्हणून नऊ हे लवकर नाही. मुलीचे आठच्या आधी किंवा मुलाचे नऊच्या आधी सुरू झाले तर डॉक्टरांना दाखवा.

पाळीबद्दल तिला आधी सांगा, आल्यानंतर नाही. शाळेच्या स्वच्छतागृहात एकटीने रक्त पाहिलेल्या मुली मला माहीत आहेत, त्यांना वाटलं आपल्याला मोठा आजार झाला. दप्तरात एका छोट्या पिशवीत पॅड आणि जादा चड्डी ठेवा, कसं वापरायचं ते दाखवा. बाबांनीही हे ऐकावं, बोलावं. मुलालाही सांगा, त्याच्या शरीराबद्दल आणि बहिणीच्याही. दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, ती चुकवू नका. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, पाच ते नऊ वर्षांना गुलाबी, दहानंतर निळी. ती जेवल्यावर घ्यायला सांगा.

अकरा वर्षांचा मुलगा आता खोलीचं दार लावतो, मित्रच सगळं काही.

हाही टप्पाच आहे, पहिल्या पावलाइतकाच. तेव्हा तो तुमचं बोट सोडून चालला, आता तुमचं मत सोडून चालून बघतोय. दार ठोठावून आत जा. मित्रांना घरी जेवायला बोलवा, पोहे करा, आणि नुसतं ऐका. प्रश्न समोरासमोर बसून विचारलात तर ‘काही नाही’ हेच उत्तर येईल. गाडीवरून जाताना, भांडी पुसताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना याच वयाची मुलं आपणहून बोलतात. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, म्हणून रात्री फोन सगळ्यांचेच बाहेरच्या खोलीत.

अंगाला कुणी नको तसा हात लावला तर सांगायचं, तो माणूस नात्यातला असला तरी, हे तीन वर्षांपासून सांगत आलं पाहिजे. सांगितलं नसेल तर आज सांगा. मुलांसाठी १०९८ हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक आहे, तो मुलाला पाठ हवा. झोप, भूक, खेळ, मित्र सगळ्यावरून दोन आठवडे मन उडालेलं दिसलं तर ‘वय आहे’ म्हणून सोडू नका. मानसिक आरोग्यासाठी सरकारचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

शंका आली तर आधी कुठे जायचं? खर्च किती येतो?

गावात असाल तर आशाताई आणि अंगणवाडी सेविका. तुमच्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डात लशींच्या पानांबरोबर विकासाचे टप्पे चित्रांसकट आहेत, ते उघडून बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासायला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकाने पुढे पाठवलं तर जिल्हा पातळीवर ‘डीईआयसी’ हे केंद्र असतं. बालरोगतज्ज्ञ, श्रवण, वाचा, भौतिकोपचार एका छताखाली मिळावेत म्हणूनच ही केंद्रं आहेत, आणि तिथले उपचार मोफत असतात. ऐकणं-बोलणं यासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. खाजगीत जायचं तर नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना ‘विकासाची तपासणी हवी’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर सर्दीचं औषध घेऊन परत याल.

निदान झालं तर प्रमाणपत्र काढायला संकोच करू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरलेले आहेत, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात येतात. त्या कागदाने मुलाला शिक्का बसत नाही, त्याच्या वाटेवरची दारं उघडतात.

आणि जाताना एक करा. मूल दवाखान्यात गप्प बसतं, रडतं, घरात करतं त्यातलं काहीच करत नाही. म्हणून आदल्या दिवशी घरचे तीन छोटे व्हिडिओ घ्या: खेळताना, जेवताना आणि नावाने हाक मारल्यावर. जन्माचे कागद, ते कार्ड, आणि जमलं तर दिवसभर मुलाला सांभाळणारी आजीही सोबत न्या. तिला जे दिसलेलं असतं ते कुठल्याच कागदावर नसतं.